एमपीएससी की पॅनेल? सरकारी वकील होऊ पाहणाऱ्या ताईंना

लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून एका वकीलताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. नऊ वर्षांची वकिली, बहुतेक फौजदारी आणि बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. आता सरकारतर्फे खटले चालवावेत आणि पन्नाशीपर्यंत खुनाच्या खटल्यांतलं भरवशाचं नाव व्हावं, अशी त्यांची इच्छा आहे. घरचे म्हणतात, एमपीएससीची एपीपीची, म्हणजे सरकारी वकिलाची, परीक्षा दे, कायमची नोकरी आहे. सीनियर म्हणतात, परीक्षेत वर्षं घालवू नकोस, एपीपीच व्हायचं तर सेशन्स कोर्टाच्या पॅनेलला नाव दे. ताईंचे प्रश्न तीन: वाट कुठली धरू, सरकार बदललं की पॅनेलवरच्यांचं काय होतं, आणि पोलीस म्हणतील तसंच चालवावं लागतं का?

ताई, नमस्कार.

तुमच्या घरचे आणि सीनियर दोघंही एपीपी म्हणत असले, तरी पदं दोन वेगळी आहेत. घरच्यांच्या मनात आहे ते सहायक सरकारी अभियोक्त्याचं पद. गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाकडची ही नोकरी एमपीएससीतून मिळते. काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. पगार, रजा, बदल्या, पदोन्नती सगळं सरकारी नोकरीसारखं, आणि खासगी वकिली पूर्ण बंद. सीनियर म्हणतात ते अतिरिक्त सरकारी वकिलाचं पद, सत्र न्यायालयातलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे त्याला किमान सात वर्षांची वकिली लागते, ती तुमची झाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नावांचं पॅनेल जातं, नेमणूक विधी व न्याय विभाग करतो, आणि बाकीच्या अटी १९८४ च्या महाराष्ट्र विधि अधिकारी नियमांत आहेत. ही नोकरी नव्हे, मुदतीची नेमणूक आहे. पगाराऐवजी ठरलेलं पारिश्रमिक, त्याची बिलं लावायची, आणि सरकारच्या विरुद्ध उभं राहायचं नाही.

तुम्हाला खुनाचे खटले चालवायचे आहेत. ते सत्र न्यायालयात चालतात. परीक्षेच्या वाटेने तिथवर जायला पदोन्नतीची वाट पाहावी लागते आणि ती कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. त्यामुळे दोनेक वर्षं अनियमित उत्पन्नावर निभावण्याची घरात सोय असेल, तर पॅनेलला नाव द्या. नसेल, घराचा हप्ता आणि मुलांच्या फिया तुमच्यावरच असतील, तर परीक्षा द्या आणि त्यात कमीपणा मानू नका. जाहिरात निघाली की वयाची आणि अनुभवाची अट आधी ताडून पाहा, मग क्लास लावा. उलटं करणारे फार आहेत.

खालच्या कोर्टातल्या कामाला हलकं समजण्याची चूक मात्र नको. खुनाची फाइल सरकारी वकिलाच्या हातात सगळ्यात आधी पडते ती पहिल्या रिमांडला, आणि आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं ते बहुधा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच. फिर्यादीतली वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नाही, हे त्या दिवशी जिच्या लक्षात येतं, ती पुढे सेशन्सला गेल्यावर चाचपडत नाही. शिवाय त्या नोकरीत पुढची एक वाटही बंद होत नाही. दीपक अगरवाल विरुद्ध केशव कौशिक या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पूर्णवेळ सरकारी अभियोक्ता कोर्टात उभं राहून खटले चालवतो, म्हणून तो वकीलच राहतो आणि जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला पात्र ठरतो.

सरकार बदललं की काय? नेमणुका बदलतात हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण कायद्याने सरकारला अगदीच मोकाट सोडलेलं नाही. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एका फटक्यात काढलं. श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मनमानी ठरवून रद्द केला. मात्र मुदत संपल्यावर ती वाढवून मिळण्याचा हक्क नाही, हेही याच न्यायालयाने २००४ मध्ये जोहरी मल खटल्यात स्पष्ट केलं. याचा व्यवहारातला अर्थ असा: नेमणूक मिळाली तरी दिवाणी किंवा बँकेची चार कामं, जिथे सरकार पक्षकार नाही अशी, हातात ठेवा. ऑफिस बंद करू नका. आणि बिलं. प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीची, प्रत त्याच आठवड्यात काढा आणि दर महिन्याला बिल लावा. वर्षभराचं एकदम लावलं की एखाद्या तारखेच्या हजेरीचा पुरावा सापडत नाही आणि सगळं बिल शंका काढून परत येतं.

आता तिसरा प्रश्न, कारण सगळं त्यावर उभं आहे. नाही, पोलीस म्हणतील तसं चालवावं लागत नाही, आणि जे चालवतात ते ज्येष्ठ होत नाहीत, नुसते जुने होतात. याचा पाया आपल्याच राज्यातल्या दोन खटल्यांनी घातला आहे. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र, १९९४: टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली कोठडी वाढवून मागताना तपासी अंमलदाराचा अर्ज पुढे सरकवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही, तो तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने कागद स्वतः वाचून स्वतःचा अहवाल दिला पाहिजे. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र, १९९५: अभियोक्त्यांना पोलीस खात्यापासून वेगळं करून स्वतंत्र संवर्ग करा, असा आदेश. तुम्ही एमपीएससीने ज्या संवर्गात जाल, तो याच विचारातून आलेला आहे. आजही मकोका (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद) किंवा एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थ) तपासाला मुदतवाढ मागताना सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. त्यात तपासाची प्रगती आणि आरोपीला आत ठेवण्याची नेमकी कारणं हवीत. पोलिसांच्या अर्जाची नक्कल खाली सही करून दिली, तर मुदतवाढ टिकत नाही आणि आरोपी जामिनावर बाहेर.

तोच प्रकार खटला मागे घेण्याचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली अर्ज करायचा अधिकार सरकारी वकिलाचा आहे, मंत्रालयाचा नाही. वरून पत्र येईल, सूचना येईल. तुम्ही फाइल वाचून आपलं मत बनवायचं, आणि नव्या संहितेत पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही हे पत्र पाठवणाऱ्याला लेखी कळवायचं. आजी-माजी आमदार-खासदारांचे खटले तर २०२१ पासून उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागेच घेता येत नाहीत. तोंडी आलेली सूचना तोंडीच राहू देऊ नका. 'आपल्या आजच्या दूरध्वनीच्या अनुषंगाने' अशी सुरुवात करून दोन ओळींचं पत्र पाठवलं की निम्मे फोन बंद होतात.

आता मुख्य काम, म्हणजे दोषारोपपत्र दाखल होण्याआधीची तपासणी. लोकांना शेवटचा युक्तिवाद दिसतो, उज्ज्वल निकमांसारखं टीव्हीवर बोलणं दिसतं. खटला मात्र बहुतेक वेळा मसुद्याच्या फाइलवरच जिंकलेला किंवा हरलेला असतो. तुमचा बचावाकडचा अनुभव इथे सोन्याचा आहे: आजवर ज्या भेगांतून तुम्ही आरोपी सोडवलेत, त्या आता आधी बुजवायच्या.

पहिली भेग मुद्देमालाची. रक्ताचे कपडे जप्त झाले, सील केले, पुढे? मालखान्याच्या रजिस्टरला त्या दिवसाची नोंद हवी. रासायनिक विश्लेषकाकडे नेणाऱ्या शिपायाचा जबाब हवा, पोच पावती हवी, आणि त्या विश्लेषकाच्या अहवालात (सीए रिपोर्ट) सील शाबूत असल्याचा उल्लेख हवा. मधले दहा दिवस कपडे कुठे होते याचं उत्तर नसेल, तर डीएनए जुळूनही उपयोग नाही. त्या वाहकाला साक्षीदारांच्या यादीत टाकायला हमखास विसरतात. दुसरी, निवेदन पंचनामा. आरोपीने हत्यार काढून दिलं असेल तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाप्रमाणे त्याने दिलेल्या माहितीपैकी शोधाशी थेट जोडलेला भागच पुराव्यात येतो. म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिलेले हवेत, 'आरोपीने गुन्हा कबूल करून हत्यार काढून दिले' असं तपासी अंमलदाराच्या भाषेत नव्हे. पंच कोण आहेत हेही बघा. तोच इसम त्याच ठाण्याच्या पाच पंचनाम्यांत असेल तर उलटतपासणीत तो पहिल्या दहा मिनिटांत संपतो. तिसरी, हत्यार शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून 'ही जखम याने होऊ शकते का' असं लेखी मत घेतलं आहे का. चौथी, मंजुरी. गावठी कट्ट्याच्या गुन्ह्यात शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ ची जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी नसल्याने ते कलम गळून पडतं. यात कायद्याचं पांडित्य काही लागत नाही, एक कागद लागतो.

या त्रुटी लेखी कळवा, क्रमांक घालून, आणि प्रत ठेवा. मुदतही सांगा, कारण ६० किंवा ९० दिवस उलटले की आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. हे दिवस मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा. २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो वाद संपवला आहे. अजूनही काही ठाण्यांत दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि एका दिवसाने गाडी चुकते. राहिलेला भाग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खालच्या पुढील तपासात करता येतो, पण खटला सुरू झाल्यावर त्याला कोर्टाची परवानगी लागते आणि ९० दिवसांची मुदत असते.

साक्षीदारांबाबत दोन टोकं टाळा. एक म्हणजे साक्षीदाराला थेट पिंजऱ्यात भेटणं, आणि दुसरं म्हणजे त्याला पोपटासारखं पढवणं. तो समन्सवर आला की कोर्ट सुरू होण्याआधी तुमच्या ऑफिसात बसवा. कोण कुठे बसतं, आवाज कसा ठेवायचा, प्रश्न कळला नाही तर तसं सांगायचं, हे समजावा. त्याला काय आठवतं ते त्याच्या तोंडून ऐका. पोलिसांना त्या खोलीत बसू देऊ नका, आणि साक्षीच्या आदल्या दिवशी त्याला ठाण्यात बोलावून जबाब वाचून दाखवू देऊ नका. २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या खुनाच्या खटल्यात असं पढवणं उघड झालं, सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि पोलिसांची चौकशी लावली.

आणि साक्षीदार फितूर झाला तर? नवखे सरकारी वकील इथे चिडतात, किंवा 'साक्षीदार फितूर' एवढं नोंदवून खाली बसतात. दोन्ही चूक. साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली परवानगी मागा आणि उलटतपासणीसारखे प्रश्न सुरू करा. पोलिसांसमोरच्या जबाबातलं नेमकं वाक्य काढा, समजा 'मी सुरेशला हातात कोयता घेऊन पळताना पाहिले'. ते वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवा आणि हे सांगितलंत का, असं विचारा. तो नाही म्हणाला की तो भाग कंस करून 'पोर्शन ए' म्हणून मार्क करून घ्या. काम इथे अर्धंच झालेलं असतं. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तपासी अंमलदार पिंजऱ्यात येतो, तेव्हा त्याला विचारायचं: या साक्षीदाराने 'पोर्शन ए' तुमच्यासमोर सांगितला होता का? तो हो म्हणाला की त्या भागाला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते. हा दुसरा प्रश्न राहिला तर पहिली सगळी मेहनत पाण्यात. त्यासाठी फाइलच्या मागच्या पानावर फितूर साक्षीदारांचा तक्ता ठेवा: साक्षीदार क्रमांक, पोर्शन, तपासी अंमलदाराला विचारलं की नाही.

एक लक्षात असू द्या, निशाणी पडली म्हणून ते वाक्य घटनेचा पुरावा होत नाही. त्याने साक्षीदाराची विश्वासार्हता तपासली जाते. उलट, फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच पुसली जात नाही, हे सत्पाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७५ च्या निकालापासून ठरलेलं आहे. आरोपीला ओळखायला नकार दिला तरी त्याने जागा, वेळ, जखमीला रिक्षात घातल्याचं मान्य केलं असेल, तर तेवढं पदरात घ्या. त्यासाठी रागावून नव्हे, शांतपणे आणि छोटे छोटे प्रश्न विचारावे लागतात. साक्षीदारावर दबाव येणार हे आधीच दिसत असेल तर तपासातच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवायला सांगा, आणि साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करवा.

फिर्यादीचा खासगी वकील हा वेगळाच विषय. तो मदतीला असतो, शेवटी कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो, पण साक्षीदाराला प्रश्न विचारत नाही आणि तोंडी युक्तिवाद करत नाही. रेखा मुरारका खटल्यात २०१९ मध्ये हे ठरलं. त्याला आदल्या दिवशीच सांगा: प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, योग्य वाटला तर मी विचारते. गावाकडे या वकिलांशी उद्याही गाठ पडायची असते, त्यामुळे हे गोड बोलून पण सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

मोबाइल आणि सीसीटीव्हीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर निकालाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राची सक्ती पक्की केली. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. दुकानदाराकडून फुटेज पेन ड्राइव्हवर घेतात आणि प्रमाणपत्र सहा महिन्यांनी आठवतं, तोवर डीव्हीआरवर (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंग यंत्रावर) नवं फुटेज चढलेलं असतं. म्हणून पहिल्या रिमांडलाच विचारा, डीव्हीआर जप्त केला की नुसती कॉपी घेतली?

निर्दोष सुटका झाली तर निकालाच्याच दिवशी नक्कल मागवा. उच्च न्यायालयात सरकारच्या अपिलाला ९० दिवस असतात, आणि तुमचं मत, विभागाची मंजुरी, कागदांची जुळवाजुळव या सगळ्यात ते भर्रकन जातात. अपील करू नये असं वाटत असेल तर तसंही प्रामाणिकपणे लिहा. प्रत्येक सुटकेवर 'अपील करावे' लिहिणाऱ्याच्या मताला कोणी किंमत देत नाही. तपासातल्या चुकीमुळे सुटका झाली असेल तर ती चूक आणि तिचा पान क्रमांक नमूद करा. २०१४ च्या किशनभाई खटल्यापासून अशा सुटकांची छाननी करून दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा निर्देश राज्यांना आहे. तुमच्या अहवालात बोट ठेवलेलं नसेल तर बोट तुमच्याकडेच वळतं.

विशेष सरकारी वकील होण्याला किमान दहा वर्षं लागतात, मकोकाखालीही तेवढीच. पोक्सो आणि ॲट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयांना सात पुरतात, म्हणून सुरुवातीला तिकडचं काम मागून घ्या. तिथे कामाची पद्धत वेगळी आहे: पोक्सोत तुमचे प्रश्न तुम्ही न्यायाधीशांना द्यायचे आणि मुलाला ते विचारतात, दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते. बलात्कार आणि बालअत्याचाराच्या खटल्यांत हात बसला की खुनाचा खटला मागावा लागत नाही, तो आपण होऊन येतो.

राहिला तुमचा हातातला व्याप. नेमणुकीचा आदेश येण्याआधीच तुमच्या चालू फौजदारी वकीलपत्रांची यादी करा. आदेश आला की त्या सगळ्यांतून बाहेर पडावं लागेल. प्रत्येक पक्षकाराला लेखी कळवा, दुसऱ्या वकिलासाठी एनओसी द्या, न झालेल्या कामाची फी हिशेब करून परत करा आणि फाइल सहीनिशी सोपवा. ज्या आरोपीचं वकीलपत्र कधीकाळी तुमच्याकडे होतं, त्याचा त्याच प्रकरणातला खटला तुमच्या कोर्टात आला तर पहिल्याच तारखेला कोर्टाला आणि जिल्हा सरकारी वकिलांना लेखी सांगून दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्या. ही यादी आत्ता केलीत तर पॅनेलच्या मुलाखतीत हा प्रश्न आला तरी उत्तर तयार असेल.